एकोणचाळीस कलमांचं घर

घर म्हणजे माणसाच्या सचोटीची उभी साक्ष. ज्याच्या घराची भिंत सरळ, त्याचं आयुष्य सरळ, असं किशनराव मानत आणि जो भेटेल त्याला सांगत. हैदराबादच्या अंबरपेठेत त्यांनी स्वतः बांधायला घेतलेल्या घराची पूर्वेकडची भिंत दहा फुटांत सव्वा इंच बाहेर गेली होती.

किशनराव एका सरकारी बांधकाम कचेरीत ट्रेसर होते. त्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, कचेरीचं नाव बदलणार होतं, काय होणार ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. ट्रेसरचं काम असं, की दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं आणि तोच नकाशा पुन्हा शाईने काढायचा. सतरा वर्षांत त्यांनी तीन दवाखाने, अकरा शाळा, एक पूल आणि मोजता येणार नाहीत इतक्या तहसील कचेऱ्या अशा काढल्या. त्यांतली एकही त्यांनी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. त्यामुळे इमारती सरळ असतात अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

अठ्ठेचाळीसच्या पोलिस ॲक्शननंतर वरच्या साहेबांनी घरांच्या तपासणीसाठी एक तक्ता तयार केला होता. कलमं एकोणचाळीस. भिंत ओळंब्यात किती हवी, विटांमधली दरज किती जाड, गिलाव्याआधी भिंत किती भिजवायची, चौकटीचा कोन, फरशीचा उतार. तक्ता साहेबांचा, शाईने सुवाच्य अक्षरांत काढला किशनरावांनी. काढता काढता तो त्यांना पाठ झाला, आणि दोन-तीन वर्षांनी ते "आम्ही तक्ता केला तेव्हा" असं म्हणायला लागले. तोवर साहेब बदलून गेले होते, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

घर बांधायला पोचय्या मेस्त्री होता. पोचय्याने अंबरपेठेपासून मलकपेटपर्यंत शंभरेक घरं उभी केली होती आणि त्यांतलं एकही कागदावर पाहिलं नव्हतं. त्याचे मापदंड तीन होते: वीत, हात, आणि "बराबर है". किशनराव रोज संध्याकाळी कचेरी सुटली की सायकलवरून थेट बांधकामावर येत. कॅरिअरला काटकोन पाहायचा गुण्या बांधलेला, खिशात ओळंबा. जोत्यापासून त्यांनी मोजायला सुरुवात केली होती आणि जोत्यापासूनच काही ना काही चुकत होतं.

पूर्वेच्या भिंतीला त्यांनी ओळंबा सोडला तेव्हा पोचय्या शेजारी बिडी ओढत उभा होता.

"पोचय्या, सव्वा इंच."

"कां साब?"

"भिंत सव्वा इंच बाहेर आहे. कलम नववं. दहा फुटांत पाव इंचाच्या वर चालत नाही."

पोचय्याने मान तिरकी करून भिंतीकडे पाहिलं, मग ओळंब्याकडे. "साब, हवा चलरी. आपका गोला हिलरा."

"हवा थांबली तरी सव्वा इंचच."

"तो फिर दीवार सीधी है, जमीन टेढी है. ये पूरा अंबरपेठ उधर कू झुका हुआ है. मूसी नदी कू."

किशनरावांनी वहीत नोंद केली. त्या वहीत तोवर सव्वीस नोंदी झाल्या होत्या. पोचय्याला वहीबद्दल राग नव्हता. साब लोकांना काहीतरी छंद असतो, कोणी कबुतरं पाळतं, असं तो आपल्या बायकोला म्हणाला होता.

किशनरावांच्या बायकोला, केसरबाईंना, भिंतीच्या सव्वा इंचाचं काही वाटत नव्हतं. त्यांना घर उभं राहायला हवं होतं, आणि ते हैदराबादेत. त्या वर्षी या दोन गोष्टी एकत्र जमतील की नाही याबद्दलच शंका होती. हैदराबाद राज्याचे तीन भाग होणार, तेलुगू इकडे, कानडी तिकडे, मराठी मुंबईकडे, हे पक्कं झालं होतं. कचेरीत टेबलं, कपाटं, टाइपरायटर आणि माणसं यांची वाटणी चालली होती. कपाटांचं काम आधी आटोपलं, कारण कपाटं अर्ज करत नाहीत. ज्यांचा जन्म मराठवाड्यातला त्यांना मराठवाड्यात पाठवायचं, अशी बोलवा होती. ज्यांना जायचं नसेल त्यांनी कारण देऊन अर्ज करायचा. अर्जाच्या छापील कागदावर कारणांसाठी पाच ओळी होत्या. चौथी ओळ अशी: 'शहरात स्वतःचे पूर्ण झालेले घर असल्यास, तपासणीचा दाखला जोडावा.' मुदत पंधरा ऑक्टोबर.

किशनराव वसमतच्या बाजूचे. तिथे त्यांच्या घराचं स्थान गावाने ठरवून दिलेलं होतं, नदीच्या खालच्या अंगाला, आणि ते बदलण्याचा अर्ज कुठे करायचा असतो ते कोणाला माहीत नव्हतं. हैदराबादेत मात्र दफ्तरात आडनाव लिहायची फारशी पद्धत नव्हती. नावापुढे राव लागला की काम भागायचं. "किधर के?" असं कोणी विचारलं तर "परभणी साइड के," एवढं उत्तर पुरत असे. पुढचा प्रश्न येत नसे, कारण विचारणाराही कुठल्या तरी साइडचाच असायचा.

"बदली जिल्ह्याच्या गावी होईल," किशनराव एकदा म्हणाले. "आपल्या खेड्यात थोडीच होणार आहे? क्वार्टर मिळेल."

केसरबाई भाकरी थापत होत्या. "क्वार्टरला नळ आहे का?"

"आड असेल."

"आड कुणाचा?"

किशनरावांनी ताट पुढे ओढलं.

"इथं मी नळावर रांगंत उभी राहते," केसरबाई म्हणाल्या. "माझी घागर ठिवली की ती माझी जागा. रेड्ड्याची बाई आली तरी माझ्या मागं उभी राहती. भांडती, पण मागं उभी राहती. तिथं मी आडापासल्या दगडावर बसायची, कुणी वरून ओतंल तवा ओतंल. मी परत नाही जायची त्या दगडावर. तुमाला जायचं तर जा, भाकरी बांधून देते."

म्हणजे घर पुरं व्हायला हवं होतं, पंधरा ऑक्टोबरच्या आत, आणि दाखल्यासकट. किशनरावांनी तपासणीसाठी अर्ज दिला, तारीख आली बारा ऑक्टोबर. तपासणी कोणत्या तक्त्यावर होणार याची त्यांना चौकशी करावी लागली नाही.

सप्टेंबर संपता संपता मंगलोरी कौलं चढली, शहाबादी फरशी बसली, आतून-बाहेरून गिलावा झाला. मग एक दिवस पोचय्याने हात-पाय धुतले, थापी फडक्यात गुंडाळली आणि "हो गया साब," म्हणाला. किशनराव आत गेले. मधल्या दाराच्या वर, चौकटीपासून हातभर उंचीवर, वीतभर लांब आणि वीतभर रुंद जागा उघडी होती. चारी बाजूंनी गुळगुळीत गिलावा आणि मध्ये नागड्या विटा.

"हे राहिलं."

"हौ, राह्या सो नै. रख्या."

"कशासाठी?"

पोचय्याला प्रश्नाचं नवल वाटलं. "घर पूरा नै करते साब. पूरा हुआ बोले तो मालक का काम पूरा हुआ. फिर उसका घर में क्या काम? थोडा बाकी रहना. मेरे बाप रखते थे, उनके बाप रखते थे."

"ही अंधश्रद्धा आहे."

"हौ साब."

"मग भर ती जागा."

"नक्को साब."

किशनरावांनी त्याला समजावून सांगितलं. विसाव्या शतकातल्या शिकलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं सांगितलं. पोचय्याने आपण शिकलेलो नाही याकडे लक्ष वेधलं. किशनरावांनी कलम तेविसावं म्हणून दाखवलं: गिलावा सर्वत्र सलग असावा. पोचय्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, पसायदान ऐकावं तसं.

"मलकपेट में एक साब थे," मग तो म्हणाला. "बडे जिद्दी. जबरदस्ती पूरा कराये. मैं नै किया, दुसरा मेस्त्री लाके कराये. महिना नै हुआ."

"मेले?"

"नै नै. बदली हो गई. रायचूर."

दाराशी उभ्या असलेल्या केसरबाईंनी हे ऐकलं. "राहू द्या तेवढं," त्या म्हणाल्या.

"तूसुद्धा?"

"आवो, वीतभर तर जागा. फोटो लावू वर."

"तपासणीस फोटो उचलून बघेल! पूर्ण झालेलं घर, असं लिहिलंय अर्जात. पूर्ण! हे दिसलं की दाखला गेला. कामून कळत नाही तुम्हाला?" किशनराव चिडले की कचेरीची भाषा सोडून वसमतला जात. "लोकांच्या नशिबाला वीतभर जागा ठेवायची अन् सरकारी तक्त्याला काडीची किंमत नाही?"

पोचय्या फडकं खांद्यावर टाकून निघून गेला. दुसरा मेस्त्री मिळेना. अंबरपेठेत चार मेस्त्री होते आणि चौघांनीही ती जागा बघून "ये पोचय्याने रख्या?" एवढं विचारलं आणि पुढचं काम आठवून चालते झाले.

तेव्हा किशनरावांनी स्वतःच करायचं ठरवलं. रविवारी ते अफझलगंजच्या बाजारात जाऊन एक थापी, गिलावा घासायचा एक रंधा आणि थोडं सिमेंट घेऊन आले. बाकीच्या घराला चुना होता, पण चुना भिजवून, मळून तयार व्हायला वेळ लागतो आणि तारीख जवळ आली होती. शिवाय सिमेंट आधुनिक होतं. त्यांनी भिंत भिजवली, कलम सतराप्रमाणे. वाळू चाळून घेतली, कलम अठराप्रमाणे. मग कालवलेला माल थापीवर घेऊन भिंतीवर मारला. तो भिंतीवरून परत त्यांच्याकडे आला.

तिसऱ्या वेळी थोडा टिकला. आता जाडी सगळीकडे अर्धा इंच हवी, कलम एकविसावं. किशनरावांनी पट्टी घेतली आणि नऊ ठिकाणी जाडी मोजली. चार ठिकाणी जास्त होती, तीन ठिकाणी कमी. त्यांनी वहीत आकृती काढली, कुठून किती काढून कुठे किती घालायचं ते बाणांनी दाखवलं. आकृती फार सुबक झाली. ती पुरी करून त्यांनी मान वर केली तोवर सिमेंट घट्ट झालं होतं. नंतर त्यांनी वरून आणखी एक थर दिला, तो घासला, घासताना मधला भाग सुटून आला, तो दाबून बसवला. दोन दिवसांत त्याला तडे गेले. संपूर्ण घरात तो एकच करडा तुकडा होता, मधोमध फुगलेला आणि कडेला खपली धरलेला.

केसरबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "गुळाची ढेप झालीय," त्या म्हणाल्या आणि पाणी आणायला गेल्या.

पोचय्या बातमी ऐकून मुद्दाम बघायला आला. त्याला अपशकुनाचं दुःख झालं नाही, तेवढा वेळच त्याला मिळाला नाही. "साब, ये मेरा काम नै," तो म्हणाला. "मेरा काम नै, ऐसा लिखके लगाओ उपर. बस्ती देखेगी. मेरी इज्जत का सवाल है."

"कोणी विचारलं तर सांगेन."

"पूछेंगे नै साब. देखेंगे, और मेरा नाम लेंगे."

बारा तारखेला तपासणीस आले. एकनाथराव नावाचे औरंगाबादचे गृहस्थ, ओव्हरसीअर. त्यांची स्वतःची बदली औरंगाबादला व्हावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता, म्हणजे किशनरावांच्या बरोबर उलट. त्या महिन्यात त्यांनी साठ घरं तपासली होती आणि ते थकलेले होते. पोचय्या धुतलेला पटका बांधून सकाळपासून जोत्यावर बसला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

एकनाथरावांनी तक्ता काढला. किशनरावांनी तो ओळखला. सात वर्षांपूर्वीचं त्यांचंच अक्षर, छापून फिकट झालेलं. एकनाथराव दारात उभे राहून कलमांपुढे खुणा करू लागले. एक, दोन, तीन, चार. जागचे हललेही नाहीत. नवव्या कलमापुढे त्यांनी 'ठीक' लिहिलं.

"साहेब," किशनराव म्हणाले.

"हं?"

"पूर्वेची भिंत सव्वा इंच बाहेर आहे."

आत केसरबाईंनी कपबशी खाली ठेवली.

एकनाथरावांनी चष्मा वर केला. "कोणी सांगितलं?"

"मी मोजली. मर्यादा पाव इंच आहे. तुम्ही ओळंबा सोडून बघा ना, माझ्याकडे आहे."

"किशनराव, ही भिंत या महिन्यात पडणार आहे का?"

"नाही."

"पुढच्या?"

"नाही. चांगली पक्की आहे."

"मग मला औरंगाबादला जाऊ द्या. तुम्हाला दाखला हवा आहे ना?"

"हवा आहे. पण ओळंबा न सोडता ठीक लिहायचं म्हणजे—"

"आवो," केसरबाई आतून म्हणाल्या, "साहेबांना आत तरी येऊ द्या. चहा निवतोय."

एकनाथराव आत आले आणि मधल्या दारापाशी थांबले. वर पाहिलं. खुणा करणारा हात पहिल्यांदाच थांबला.

"हे काय आहे?"

"ये मेरा काम नै साब," पोचय्या बाहेरून म्हणाला.

"ते... ती जागा राहिली होती," किशनराव म्हणाले. "मी भरली."

"का?"

"घर पूर्ण व्हावं म्हणून."

एकनाथराव खुर्चीवर बसले. "अहो, ती जागा प्रत्येक घरात असते. साठ घरं पाहिली, साठांत होती. माझ्या घरात आहे. ती आम्ही पूर्ण धरतो. आता हे मात्र बिघडलेलं काम आहे. तडा आहे, फुगवटा आहे, उद्या खाली पडून कोणाचं डोकं फुटेल. हे मला लिहावं लागेल." त्यांनी तेविसाव्या कलमापुढे पेन टेकवलं. "दुरुस्त करून घ्या, मी पुन्हा येईन."

"पुन्हा कधी साहेब?"

"वीस-बावीस तारखेला."

मुदत पंधराची होती. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. किशनरावांनी खिशातली वही काढली आणि पुन्हा आत ठेवली. त्यांचा चेहरा, दुसऱ्याने काढलेली चूक तशीच्या तशी शाईने गिरवल्यावर होतो, तसा झाला होता.

केसरबाईंनी चहाचा कप एकनाथरावांच्या हातात दिला. मग दाराकडे वळून म्हणाल्या, "पोचय्या, काढ रे ते."

"अब्बी अम्मा?"

"आत्ताच. साहेबांचा चहा व्हायच्या आत."

पोचय्या छिन्नी-हातोडा घेऊनच आला होता. स्टूल ओढलं, वर चढला, डाव्या कडेला छिन्नी लावून एक घाव घातला. दुसऱ्या घावाला सगळा तुकडा अख्खाच्या अख्खा सुटून शहाबादीवर पडला आणि फुटला. त्यात नऊ मोजमापं होती. पोचय्याने हाताने विटा पुसल्या, कडा बोटाने नीट केल्या, फुंकर मारली आणि खाली उतरला.

एकनाथरावांनी बशीतला शेवटचा घोट घेतला. वर पाहिलं. उघड्या विटा, चारी बाजूंनी गिलावा.

"हं," ते म्हणाले. "हे ठीक आहे."

"पण साहेब," किशनराव म्हणाले, "आता तिथे गिलावाच नाही. कलम तेविसावं म्हणतं, सर्वत्र सलग—"

"तुमी बाहेर जा," केसरबाई म्हणाल्या.

सतरा वर्षांच्या संसारात त्यांनी असं पहिल्यांदा सांगितलं होतं. किशनराव बाहेर गेले. जोत्यावर बसले. थोड्या वेळाने पोचय्या येऊन शेजारी बसला. त्याने एक बिडी पुढे केली. किशनराव बिडी ओढत नसत, त्यांनी घेतली.

आत एकनाथरावांनी उरलेली सोळा कलमं एका दमात संपवली, खाली 'घर पूर्ण' असं लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला. दाखला केसरबाईंच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. शिक्का ओला आहे एवढं बघून त्यांनी तो खिडकीत वाळत ठेवला आणि त्याच्या कडेवर वरवंटा ठेवला, उडू नये म्हणून.

अर्ज तेरा तारखेला गेला. सोबत दाखला, घराचा नकाशा, आणि किशनरावांनी स्वतंत्र कागदावर केलेली पूर्वेच्या भिंतीची नोंद, कारण माहिती लपवली असं नंतर कोणी म्हणायला नको. ही नोंद जोडल्याचं त्यांनी घरी सांगितलं नाही. अठरा दिवस त्यांना जेवण गेलं नाही. केसरबाई रोज पहाटे घागर घेऊन नळावर जात, रांगेत ठेवत, आणि घागर भरली तरी लगेच निघत नसत. थोडा वेळ बाजूला उभ्या राहून मग येत. तेवढ्यात रेड्ड्याच्या बाईशी त्यांची दोनदा चांगली भांडणं झाली.

एकतीस ऑक्टोबरला, राज्य संपायच्या आदल्या दिवशी, किशनरावांनी हेडक्लार्कला विचारलं, माझ्या अर्जाचं काय झालं. हेडक्लार्कने अर्जांचा गठ्ठा दाखवला. त्याची सुतळी सोडलेली नव्हती. मग त्याने टेबलाच्या खणातून एक परिपत्रक काढून दिलं, ते ट्रेसरच्या खोलीत लावायचं राहून गेलं होतं. त्यात लिहिलं होतं की वाटणी फक्त ट्रेसरच्या वरच्या जागांची होणार आहे. ट्रेसर आणि त्याखालची माणसं आहेत तिथेच राहतील. खाली तारीख होती, अकरा सप्टेंबर.